‘ऑफिसात आहे’ म्हणताना आवाज का उतरतो?

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत एक वाक्य अजून ऐकू येतं: “युनिव्हर्सिटीत आहे, पण प्रोफेसर नाही हो, ऑफिसात.” मंडळी, माझा आक्षेप त्या ‘पण’वर आहे.

गुजरातेतल्या एका विद्यापीठात मी ३४ वर्षं काढली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. वरिष्ठ लिपिक, विभाग अधिकारी, सहायक कुलसचिव असं करत उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालो. त्यावरची खुर्ची बहुतेक काळ ‘प्रभारी’ प्राध्यापकाकडे. साहेब बदलले की नियम आम्हीच समजावून सांगायचे, सही मात्र त्यांची!

यात माझी बढती हुकली, एवढंच असतं तर लिहिलं नसतं. पण प्रभारी माणूस अवघड फाईलला हात लावत नाही. “कायमचे साहेब येऊ देत,” म्हणतो. तोवर निकाल अडतो, गुणपत्रक अडतं आणि एखाद्या पोराचं परदेशातल्या प्रवेशाचं वर्ष जातं.

लोक म्हणतात, शिक्षण प्राध्यापकांनाच कळतं. कबूल. अभ्यासक्रम त्यांनीच ठरवावा. पण बैठक क्रमांक, फेरतपासणी, निविदा, पेन्शन, कोर्टाच्या तारखा हा वेगळा धंदा आहे. तो दोन वर्षांच्या पाहुण्याला येत नाही.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे आपण छाती फुगवून सांगतो. अहो, शाळेत न येणाऱ्या मुलांच्या याद्या आणि आईबापांच्या दंडाचे हिशेब कोणी लिहिले? कारकुनांनीच ना? १९४९ साली इथं विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. त्यांचं नाव राहिलं, राहायलाच हवं. पण पदवीवरच्या सहीला किंमत येते ती खालचं नाव कोणीतरी नोंदवहीशी ताडून बघितलेलं असतं म्हणून.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषांत कुलसचिवपदाला अध्यापनातून वाट आहे, तशी ऑफिसातूनही आहे: १५ वर्षं प्रशासनाचा अनुभव, त्यातली ८ उपकुलसचिव किंवा तत्सम पदावर. मात्र पदव्युत्तर पदवी हवी, किमान ५५ टक्क्यांची. वाट कागदावर आहे; तिच्यावरून माणसं वर जाऊ द्यायची नाहीत, हे वर बसलेल्यांचं काम. आणि आपल्या मुलांना तिकडे पाठवायचंच नाही, हे आपलं!

तेव्हा घरातली मुलगी ऑफिसात लागली तर पेढे वाटा. एम.ए.चा फॉर्मही त्याच आठवड्यात भरायला लावा. उद्या खुर्ची मागायला गेली, तर कमी टक्क्यांचं कारण कोणाला सापडायला नको.