वाचक हरवतो कुठे?

दिवाळी अंकाच्या संपादकांची एक परंपरागत तक्रार आहे: वाचक कमी होत चालले. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्यानंतर थोड्याच वर्षांत ही तक्रारही सुरू झाली असावी. दोष कधी दूरदर्शनला, कधी मोबाइलला, कधी इंग्रजी शाळांना. आम्हाला वाटतं, बहुतेक वाचक चाळिशीत हरवत नाहीत. ते पहिली-दुसरीच्या वर्गातच हरवतात. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं सुमारे २७ टक्केच होती. आकडा देशाचा आहे. पण मराठी वर्गात डोकावलं तर हायसं वाटावं असंही काही नाही.

दसऱ्याला पाटीपूजन होतं. मग ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत मुळाक्षरं गिरवायची, मग बाराखडी, मग काना-मात्रेचे शब्द, शेवटी जोडाक्षरं. अर्थाला या रांगेत जागाच नाही. तो सगळं झाल्यावर आपोआप येईल अशी आशा. वर्णमालेची मांडणी उच्चारस्थानांवरून केलेली आहे, कंठापासून ओठांपर्यंत, आणि त्या शिस्तीचं कौतुक करावं तेवढं थोडं. मात्र ती व्याकरणकारांची शिस्त. सहा वर्षांच्या मुलाला ‘ङ’ आणि ‘ञ’ भेटतात तेव्हा ती घालून एकही ओळखीचा शब्द त्याला सापडत नाही. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून ‘ण बाणातला, ळ बाळातला’. मूल तक्त्यावर बोट ठेवून ‘क कमळाचा’ खणखणीत म्हणतं. चित्र झाकलं की गप्प. ते अक्षर वाचत नव्हतं, कमळ पाहत होतं.

याला तोड नाही असं नाही. क, म, ल, ब आणि काना एवढंच हाती आलं तरी काका, मामा, बाबा, लाल, काम, कमाल हे शब्द होतात. पहिल्या काही आठवड्यांतच मूल खरोखरीचं काही वाचतं. अक्षरं आणि स्वरचिन्हं यांचे असे छोटे गट पाडून, जोडीला मुलांच्या स्वतःच्या गोष्टी घेऊन शिकवण्याचं काम फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभं केलं. जन्मानं अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. मराठी मूल वाचायला कुठे अडतं हे त्यांनी आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा बारकाईनं पाहिलं.

अडण्याच्या जागाही आपल्या लिपीच्याच आहेत. ‘कि’ म्हणताना आधी क येतो, लिहिताना वेलांटी आधी. ‘र’ कधी डोक्यावर बसतो, कधी पोटात शिरतो, कधी पायाशी: सूर्य, चक्र, ट्रक. चमचा आणि चंद्र यांतला ‘च’ एकसारखा लिहायचा आणि वेगळा म्हणायचा. ‘क, म, ळ’ असं सुटं वाचत गेलेलं मूल शेवटच्या अक्षराशी पोचेपर्यंत पहिलं विसरतं. त्याला आपण लक्ष नाही म्हणून रागावतो.

तरीही नुसत्या गोष्टी ऐकवा, अक्षरं आपोआप येतील, हा उत्साहही आम्हाला पटत नाही. अक्षरं शिकवावीच लागतात, नेमानं. वाडा तालुक्यातल्या मराठी आणि यादगीर जिल्ह्यातल्या कन्नड शाळांमध्ये २०११ ते २०१६ दरम्यान झालेल्या दीर्घ अभ्यासात मात्र वेगळंच दुखणं दिसलं: वर्गाचा बराच वेळ अक्षरांवर आणि नक्कल करण्यावर जातो, आणि एवढं करून अक्षरंही नीट येत नाहीत. वारली किंवा कातकरी बोली बोलणाऱ्या मुलाला तर पुस्तकातली मराठीच परकी.

याच परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, पुढे कोसबाडला, बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. साहित्य बिया, शंख-शिंपले, पानं यांचं. तीन-चार वर्षांच्या बोटांना आधी माती मळायची असते, कागद फाडायचा असतो. आज मात्र बालवाडीच्या दारात पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘लिहायला कधी घेणार?’ आणि मुलानं रेघोट्या मारून ‘हे मी आजीला पत्र लिहिलंय’ असं सांगितलं, तर हसून तो कागद बाजूला. ‘माझा’चं ‘मझ’ लिहिणारं मूल प्रत्येक ध्वनी कानानं वेगळा काढायला लागलेलं असतं. त्याचा काना राहिला, एवढंच आपल्याला दिसतं.

निपुण भारत मोहिमेनं तिसरीपर्यंत वाचन-लेखन पक्कं करण्यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली आहे. मुदती शाळांनी पाळाव्यात. घरातल्यांना तशी सक्ती नाही. म्हणून या अंकाच्या शेवटची काही पानं मोठ्या टायपात छापली आहेत, मोठ्यानं वाचून दाखवण्यासाठी. मधेच मूल काही विचारील, तिथे थांबावं. गोष्ट पुरी झाली नाही तरी चालेल. गोष्टींखाली प्रश्न छापलेले नाहीत.