पदकावरचा चेहरा

राजाश्रयावाचून कला जगत नाही, असे आमची विद्वान मंडळी उठता-बसता सांगतात. त्यांच्यापुढे मी निकोलाय चेर्कासोव्ह या रशियन नटाचे उदाहरण ठेवतो.

१९३८ साली आयझेन्स्टाइनच्या चित्रपटात तो अलेक्झांडर नेव्हस्की झाला आणि त्याने जर्मन सरदारांना लोळवले. १९३९ च्या ऑगस्टात सरकारने हिटलरशी करार केला. चित्रपट पेटीत गेला. १९४१ साली जर्मन फौजा चालून आल्या. तोच चित्रपट पुन्हा झळकला! १९४२ साली नेव्हस्कीच्या नावाचे युद्धपदक निघाले. राजपुत्राचे अस्सल चित्र नव्हते, म्हणून त्यावर नटाचाच चेहरा कोरला.

पुढे त्याने झार इव्हान रंगवला. पहिल्या भागाला स्तालिन पारितोषिक, दुसऱ्यावर १९४६ साली बंदी! फेब्रुवारी १९४७ मध्ये दिग्दर्शक व नट या दोघांना क्रेमलिनमध्ये बोलावून इव्हान कसा असावा, याचा धडा खुद्द स्तालिनने दिला. आयझेन्स्टाइन १९४८ साली वारला. तो भाग लोकांपुढे आला १९५८ साली.

चेर्कासोव्हला मानसन्मान भरपूर मिळाले, हे मी नाकारीत नाही. पण नट तोच, चेहरा तोच, अभिनय तोच. फिरले ते दरबारचे वारे. मग आश्रय कोणाला होता? कलेला, की सोयीला?

वाचकहो, मी शाळामास्तर. निबंधाला गुण देणे माझे काम. पण गुण देतो म्हणून मुलाच्या हातातली लेखणी मी हिसकावून घेत नाही. सरकारने कलेला पैसा खुशाल द्यावा. मोबदल्यात कात्री मागू नये.