मधल्या भिंतीचा वाली कोण?

कोलकात्यात आवाजाच्या त्रासाचा विषय निघाला की बोलणे हटकून ‘माइक’कडे वळते. ध्वनिवर्धकाला इथे माइकच म्हणतात. १९९६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवतीप्रसाद बॅनर्जी यांनी, कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध श्रोता बनवता येणार नाही, असा निर्वाळा देऊन या माइकला वेसण घातली. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम त्यानंतर चार वर्षांनी, २००० साली आले.

पण माइक केव्हातरी थांबतो. मी म्हणतो आहे तो आवाज थांबत नाही. घरोघरच्या वातानुकूलन यंत्रांचे बाहेर टांगलेले भाग आणि स्वयंपाकघरातली हवा बाहेर फेकणारे पंखे यांची ती अखंड घरघर आहे. उत्तर कोलकात्यातील जुन्या घरांना खडखडीच्या, म्हणजे तिरप्या फळ्यांच्या झडपांच्या, उंच खिडक्या असत. वारा आत येई, ऊन बाहेर राही आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नसे. आता दोन इमारतींमध्ये चार-पाच फुटांचा बोळ उरतो आणि हवा यंत्रानेच खेळवावी लागते. इथला दमट उकाडा सोसलेला माणूस यंत्र लावणाऱ्याला दोष देणार नाही. माझ्याही घरी ते आहे. माझे भांडण आम्हा प्रशासनातल्या लोकांशी आहे.

कायद्याने यंत्राला मर्यादा घातली. पर्यावरण संरक्षण नियमांच्या तक्त्यात खिडकीत बसवायच्या एक ते दीड टनी यंत्राला, कारखान्याच्या पातळीवर, ६८ डेसिबलची मर्यादा ठरली आणि ती ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत गाठायची होती. कायद्याने वस्तीलाही मर्यादा घातली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. ६८ आणि ४५ यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते शेजाऱ्याच्या खिडकीपाशी कोणी आणि कसे भरून काढायचे, याचा विचार मात्र कोणी केला नाही. उघड्या मैदानावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. बोळात तो दोन भिंतींवर आपटत राहतो आणि तितका उतरत नाही.

तक्रारीची वाट त्याहून बिकट आहे. नियमानुसार आवाज मर्यादेच्या १० डेसिबल किंवा त्याहून अधिक वर गेला, तर नागरिक तक्रार करू शकतो. दहा डेसिबल म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट. दहापट होईपर्यंत निमूट राहा, असाच याचा अर्थ. २०१० च्या दुरुस्तीने रात्रीचे निर्बंध मोडल्यासही तक्रारीची मुभा दिली. पण ते निर्बंध भोंगे, फटाके, वाद्ये, बांधकामाची यंत्रे यांच्यासाठी आहेत. शेजारच्या कॉम्प्रेसरसाठी नाहीत.

शिवाय मोजणार कशाने? सरकारी मापक मानवी कानाच्या संवेदनेप्रमाणे आवाजाला ‘भार’ देतो. कॉम्प्रेसरचा गुंजारव बराचसा १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथे हा मापक सुमारे १९ डेसिबल वजा करतो. भिंतीत ठोकलेल्या लोखंडी ब्रॅकेटमधून उशीपर्यंत पोहोचणारी थरथर कागदावर जवळपास उमटतच नाही. जर्मनीत राहणाऱ्या वाचकांना ठाऊक असेल की तिथे मोजणी त्रस्त माणसाच्या उघड्या खिडकीच्या मध्यासमोर, अर्ध्या मीटरवर होते; सर्वसाधारण निवासी भागात रात्रीची मर्यादा ४० आहे, आणि एकाच सुरात गुणगुणणाऱ्या यंत्राच्या आकड्यात ३ किंवा ६ डेसिबल वाढवून धरतात. आपण नेमके तिथेच वजा करतो.

माझ्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीने तीन यंत्रे टांगली, तेव्हा मीही रीतसर अर्ज केला. मोजणीला माणूस आला तो दुपारी तीन वाजता. रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये यंत्रे ऐकूच येईनात. उत्तर आले, ‘परस्पर सामंजस्याने मिटवावे.’ रागावण्याचा अधिकार मला नव्हता, कारण एका जुन्या फाईलवर हाच शेरा मी स्वतः मारलेला आहे. उपद्रव हटवण्याचा आदेश, पूर्वीच्या संहितेच्या कलम १३३ खाली आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १५२ खाली, काढता येतो. पण तो सार्वजनिक उपद्रवापुरता. एका माणसाची झोप सार्वजनिक नाही.

ज्याच्याकडे यंत्र आहे, तो खिडक्या लावून घेतो. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. ज्याला यंत्र परवडत नाही, त्याची खिडकी उघडी असते. त्याच्या वाट्याला घरघरही येते आणि बाहेर फेकलेली गरम हवाही. शेवटी तो कर्ज काढून यंत्र घेतो आणि तेही बोळातच टांगतो.

यावर उपाय अवघड नाही. इमारतीचा नकाशा मंजूर करताना शौचालयाच्या नळाची जागा आपण काटेकोर तपासतो. तशीच यंत्राच्या बाहेरच्या भागाचीही तपासावी, आणि शक्य तिथे तो गच्चीवर न्यावा. ब्रॅकेटखाली रबरी गाद्या सक्तीच्या कराव्यात. मोजणी रात्री, तक्रारदाराच्या खिडकीत व्हावी आणि दहा डेसिबलची अट निवासी भागापुरती तरी काढून टाकावी. मनुष्यबळ नाही, असे उत्तर येईल. नकाशा तपासणारा माणूस तर आजही पगार घेतोच आहे. त्याच्या तपासणी-सूचीत एक ओळ वाढवायची आहे.