विश्लेषण : नववीपासून बांबूकाम, नाटक की संगणक? गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांना खरंच निवड मिळणार का?

महाराष्ट्रात २०२५ साली शाळेच्या नव्या अभ्यासक्रमावरून वाद पेटला तो पहिलीपासूनच्या हिंदीमुळे. विरोध इतका वाढला की एप्रिल आणि जूनमधले त्रिभाषा सूत्राचे शासन निर्णय सरकारला २९ जूनला मागे घ्यावे लागले. या गदारोळात नव्या शैक्षणिक धोरणातली दुसरी एक मोठी गोष्ट जवळपास चर्चेविनाच राहिली. ती म्हणजे कला आणि व्यवसाय शिक्षण हे विषय गणित-विज्ञानाच्या पंगतीला बसवणं.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने जे टप्पे जाहीर केले, त्यानुसार नववी आणि अकरावीला नवा अभ्यासक्रम २०२७-२८ पासून, तर दहावी आणि बारावीला २०२८-२९ पासून लागू व्हायचा आहे. म्हणजे तयारीला फार वेळ उरलेला नाही. पुण्या-नागपुरात एखादा विषय एका शाळेत नसेल तर तो दुसऱ्या शाळेत मिळू शकतो. भामरागड, एटापल्ली किंवा जिवती तालुक्यात मात्र जवळची शाळा हीच बहुतेकदा एकमेव शाळा असते. तिथे 'आवडीचा विषय निवडा' या वाक्याचा अर्थ काय होतो?

नेमकं काय बदलणार आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. एक, कला-वाणिज्य-विज्ञान अशा पक्क्या भिंती नकोत. दोन, व्यवसाय शिक्षण ही वेगळी, दुय्यम शाखा न राहता प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा भाग व्हावी. २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, असं उद्दिष्टही त्यात होतं. ते वर्ष उलटून गेलं आहे.

या धोरणावर आधारित राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्ये आला आणि त्याच्या आधाराने महाराष्ट्राने २०२४ मध्ये आपला आराखडा पुढे आणला. त्यात नववी-दहावीला भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांसोबत कला शिक्षण, व्यवसाय शिक्षण आणि शारीरिक शिक्षण हेही मुख्य विषय मानले आहेत. अकरावी-बारावीला वेगवेगळ्या गटांतून विषय घेता यावेत, अशी कल्पना आहे.

व्यवसाय शिक्षणाची विभागणी तीन प्रकारच्या कामांत केली आहे : सजीवांशी निगडित काम (शेती, पशुपालन, मासेमारी), यंत्र आणि साहित्याशी निगडित काम (सुतारकाम, वीज जोडणी, विणकाम) आणि माणसांच्या सेवेचं काम (आरोग्य, पर्यटन, दुकानदारी). कलेत चित्र-शिल्पाबरोबर संगीत, नृत्य आणि नाट्यही येतं.

हे पहिल्यांदाच होतंय का?

नाही. हाताने काम करत शिकावं ही कल्पना याच भागाच्या शेजारी, वर्ध्यात, देशासमोर मांडली गेली. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी 'नई तालीम'चा विचार मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. सूतकताई, शेती, सुतारकाम यांतूनच गणित, विज्ञान आणि भाषा शिकायची, हा त्याचा गाभा होता.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा आग्रह धरला. १९८६ च्या धोरणाने तर आकडाच ठरवला : उच्च माध्यमिकच्या १० टक्के विद्यार्थ्यांना १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थ्यांना १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेत आणायचं. ते जमलं नाही, म्हणून १९९२ मध्ये मुदत वाढवून अनुक्रमे १९९५ आणि २००० करण्यात आली. तीही हुकली.

महाराष्ट्रात १९८८-८९ च्या सुमारास अकरावी-बारावीसाठी किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे 'एमसीव्हीसी' सुरू झाले. तांत्रिक, वाणिज्य, कृषी, मत्स्य, आरोग्य आणि गृहविज्ञान असे त्याचे गट होते. बारावीनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची वाटही काही अभ्यासक्रमांना होती. तरी समाजात त्याची ओळख 'सायन्सला नंबर लागला नाही म्हणून घेतलेली शाखा' अशीच राहिली.

याला एक वेगळं उदाहरण आहे ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चारही विभागांत काम करायचं, अशी तिथली पद्धत. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय त्यातून तयार झाला आणि त्याला दहावीच्या मंडळाची मान्यताही मिळाली. मुलाला एका धंद्यात अडकवायचं नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. मूल वेल्डिंगही करतं, रक्तगटही तपासतं आणि खर्चाचा हिशेबही मांडतं.

आज शाळांमध्ये काय मिळतं?

सध्या नववी ते बारावीचं व्यवसाय शिक्षण मुख्यतः 'समग्र शिक्षा' योजनेतून चालतं. राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा २०१३ च्या डिसेंबरमध्ये अधिसूचित झाला. त्याच्या चौकटीत निवडक शाळांना साधारणपणे दोन ट्रेड मिळतात. यादीत ऑटोमोबाइल, रिटेल, आरोग्यसेवा, सौंदर्य प्रसाधन, कृषी, इलेक्ट्रॉनिक्स, पर्यटन, मल्टी स्किल असे विषय असतात. अभ्यासक्रम राष्ट्रीय पातळीवर तयार होतो. शिकवणारे प्रशिक्षक बहुतांशी बाहेरच्या संस्थांमार्फत कंत्राटी पद्धतीने नेमले जातात.

इथेच पहिली अडचण दिसते. विद्यार्थ्याला पर्याय दोन, आणि तेही शाळेला जे मंजूर झाले तेच. शाळेतली निवड मुलाच्या आवडीवर ठरत नाही, मंजुरीच्या यादीवर ठरते. दुसरी अडचण प्रशिक्षकाची. कंत्राट नव्याने होईपर्यंत प्रशिक्षक नसेल तर यंत्रं खोलीत कुलूपबंद राहतात आणि मुलं पुस्तकातून वेल्डिंग 'वाचतात'.

गडचिरोली-चंद्रपूरचं वेगळेपण काय?

पहिला मुद्दा अंतराचा. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १४,४०० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे जेमतेम ७४ माणसं. जिल्ह्याचा बराचसा भाग जंगलाने व्यापलेला. सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. इतक्या विरळ वस्तीत प्रत्येक शाळेत पाच-सहा विषयांचे शिक्षक आणि कार्यशाळा देणं सोपं नाही.

दुसरा मुद्दा शाळांच्या प्रकारांचा. इथली अनेक आदिवासी मुलं आश्रमशाळांत राहून शिकतात. या शाळा आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत येतात, तर बाकीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाच्या. कौशल्याचे काही कार्यक्रम तिसऱ्याच विभागाकडे असतात. एकाच तालुक्यातली यंत्रं, प्रशिक्षक आणि निधी तीन ठिकाणी विभागला जातो.

तिसरा मुद्दा भाषेचा. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी ही शाळेत शिकलेली भाषा असते. ट्रेडची पुस्तकं इंग्रजी शब्दांनी भरलेली असली तर हाताला येणारं कामही परीक्षेत अवघड होऊन बसतं.

इथे काम कशात आहे?

एका बाजूला खनिज. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या टेकड्यांवर लोहखनिजाचं उत्खनन सुरू आहे आणि चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीत पोलाद प्रकल्प उभा राहतो आहे. गडचिरोलीला 'स्टील हब' बनवण्याची घोषणा सरकार वारंवार करतं. चंद्रपुरात कोळसा खाणी, सिमेंट कारखाने, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि महाऔष्णिक वीज केंद्र आधीपासून आहे.

दुसऱ्या बाजूला जंगल. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. पुढे शेकडो ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानांचा व्यवहार स्वतः करू लागल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगावही याच वाटेने गेलं.

या व्यवहाराला माणसं लागतात. लिलावाची निविदा काढणं, करार वाचणं, मजुरीचे हिशेब ठेवणं, कर भरणं, जीपीएसने हद्द मोजणं, बांबूचं पुनरुत्पादन नोंदवणं ही सगळी कौशल्यंच आहेत. पण शाळेच्या ट्रेडच्या यादीत 'ग्रामसभेचा कारभार' नावाचा विषय नाही.

चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. आरमोरी परिसरात ऐनाच्या झाडांवर टसरचे कोसे घेतले जातात. ताडोब्याच्या भोवती गाईड, जिप्सीचालक आणि होमस्टे यांवर गावं चालतात.

आणि कला? दिवाळीनंतर धान घरात आलं की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज (वडसा) हे नाट्यमंडळ्यांचं केंद्र. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांवर लेखक, नट, वादक, नेपथ्य आणि प्रकाशयोजना करणारे असे कितीतरी जण पोट भरतात. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दहावीत चित्रकला, शास्त्रीय कला आणि लोककलेसाठी वाढीव गुण मिळण्याची सोय आहे. पण गावात ज्या नाटकावर शेकडो घरं चालतात, ते शाळेत स्नेहसंमेलनापुरतंच उरतं.

मग सगळ्यांना स्थानिक धंदे शिकवायचे का?

इथे सावध राहावं लागतं. 'स्थानिक गरजेनुसार शिक्षण' या गोड शब्दांमागे एक जुना धोका आहे. १९५३ मध्ये तेव्हाच्या मद्रास राज्यात सी. राजगोपालाचारी यांनी शाळेचे तास कमी करून मुलांना उरलेल्या वेळेत घरचा धंदा शिकायला पाठवण्याची योजना आणली. जात पक्की करणारं शिक्षण म्हणून तिला प्रचंड विरोध झाला आणि १९५४ मध्ये कामराज यांच्या सरकारने ती रद्द केली.

गडचिरोलीतही तोच प्रश्न विचारला जाऊ शकतो. शहरातल्या मुलाला कोडिंग आणि आदिवासी मुलाला टोपली, असं वाटप झालं तर निवड कुठे राहिली? शिवाय खाण आणि पोलादाच्या कामात चढती उतरंड असते. सुरक्षारक्षक, चालक, वेल्डर, फिटर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, खाण अभियंता. वरच्या पायऱ्यांचा रस्ता अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्र आणि गणितातून जातो. नववीत ट्रेड घेताना मुलाचं गणित-विज्ञान कच्चं राहिलं, तर कारखाना दाराशी येऊनही त्याच्या वाट्याला खालचीच पायरी येईल.

या दोन टोकांमध्ये मार्ग आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी आज भौतिकशास्त्र आणि गणितासोबत तिसरा विषय म्हणून तांत्रिक व्यावसायिक विषय चालतो. म्हणजे हाताचं काम आणि पुढचं शिक्षण यांत वैर नाही. बांबूचंही तसंच आहे. टोपलीपुरता पाहिला तर तो हस्तकला आहे. त्याची ताकद मोजली, त्यावर प्रक्रिया केली, फर्निचरचा आराखडा संगणकावर काढला आणि विक्रीची किंमत ठरवली, तर त्यात विज्ञान, गणित, तंत्रज्ञान आणि वाणिज्य सगळं येतं.

निवड खरी कधी ठरेल?

प्रत्येक शाळेत प्रत्येक विषय देणं शक्य नसेल, तर तालुक्यातल्या चार-पाच शाळांनी मिळून एक सुसज्ज कार्यशाळा वापरणं हा एक उपाय आहे. धोरणातच शाळा संकुलाची कल्पना आहे आणि आयटीआय, तंत्रनिकेतनं यांच्याशी जोडणी करण्याची सूचनाही. निवासी आश्रमशाळांना इथे फायदाच आहे, कारण मुलं दिवसभर तिथेच असतात. बांबू कारागीर, तबलावादक, ग्रामसभेचे हिशेबनीस यांना मानधनावर शाळेत बोलावण्याची मुभाही धोरण देतं.

तोवर पालक आणि विद्यार्थ्यांनी विषय निवडताना शाळेला चार प्रश्न विचारायला हवेत. प्रशिक्षक वर्षभर असतो का? प्रात्यक्षिक खरंच होतं का आणि किती तास? या विषयासोबत गणित-विज्ञान पूर्ण शिकता येतं का? आणि मिळणारं प्रमाणपत्र पुढे कुठल्या प्रवेशाला किंवा नोकरीला चालतं?

१९३७ पासून आजवर धोरणांनी हाताच्या कामाला मान देण्याची भाषा अनेकदा केली. प्रत्येक वेळी घोडं अडलं ते शिक्षक, कार्यशाळा आणि पुढची वाट या तीन गोष्टींवर. २०२७ च्या जूनमध्ये भामरागडच्या नववीतल्या मुलीसमोर विषयांची यादी येईल, तेव्हा ती किती लांब आहे याने फारसा फरक पडणार नाही. त्यातला कोणताही विषय घेतला तरी पुढचं एकही दार बंद होत नाही, एवढी खात्री तिला मिळते का, हे पाहावं लागेल.