बगरूहून आणलेला मांडव

बहिणीच्या मुलीचं लग्न वाईजवळच्या आमच्या घराच्या अंगणात करायचं ठरलं आणि गाडी अडली ती सजावटीपाशी. आचारी ओळखीचा होता, माणसं दीडशेच्या आतली. पण डेकोरेशनवाल्याने सांगितलेला आकडा होता 1 लाख 60 हजार. त्यात मागचा पडदा, कमान, सॅटिनच्या झालरी, कागदी फुलं आणि खुर्च्यांना बांधायचे बो. हे सगळं एका दिवसाचं भाडं! संध्याकाळी तो टेम्पोत भरून घेऊन जाणार. बहीण म्हणाली, "अगं, एवढ्यात पोरीच्या घरात फ्रिज आणि वॉशिंग मशीन येईल." मला रात्रभर तेच डोक्यात राहिलं.

जानेवारीत मला कामासाठी जयपूरला जावं लागलं. एक दिवस मोकळा मिळाला म्हणून ठशांच्या छपाईचं बगरू गाव बघायला गेले. खरेदीचा विचार मनात नव्हता, लग्नाचा तर नव्हताच. जयपूरहून अजमेर रस्त्याने साधारण तीस किलोमीटर. हायवेवर ट्रक, ढाबे, गोदामं. गावात शिरून छीपा मोहल्ल्यात वळलं की गच्च्यांवर, मोकळ्या मैदानात, जिथे जागा असेल तिथे कापड वाळत पडलेलं. छीपा म्हणजे कापडावर ठसे उमटवणारे. पिढ्यानपिढ्या त्यांचं हेच काम. बगरूच्या छपाईला आता भौगोलिक मानांकनही आहे.

जयपूरजवळच्याच सांगानेरचं कापड पांढऱ्या जमिनीचं आणि नाजूक बुट्ट्यांचं. बगरूचं जरा पिवळसर, सायीच्या रंगाचं. हा रंग हिरड्याचा. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या जंगलात आदिवासी बायका वेचतात तोच हिरडा. त्याच्या पाण्यातून कापड आधी काढून घेतात. मग त्यावर 'स्याही'चा ठसा मारतात. स्याही म्हणजे लोखंडाचं भंगार आणि गूळ पाण्यात बरेच दिवस आंबवून केलेलं काळं पाणी. त्यातलं लोखंड हिरड्याला भेटलं की काळा रंग धरतो. लाल रंगाची गंमत आणखी वेगळी. 'बेगार'चा ठसा तुरटीचा, तो उमटताना फिकट विटकरी दिसतो. धुऊन ते कापड मोठ्या तांब्याच्या भांड्यात, धावडीची फुलं घातलेल्या उकळत्या रंगात टाकतात. मी त्या भांड्याजवळ उभी होते. एक माणूस काठीने कापड खालीवर करत होता, डोळ्यांत धूर जात होता आणि दर वेळी कापड वर आलं की लाल थोडा अधिक गडद झालेला असायचा. जिथे तुरटी लागली होती तिथेच रंग बसत होता. लग्नघरी असं काही चाललेलं असतं तर सगळी पोरं भोवती जमली असती.

माझी नजर अडकली ती मात्र आत, छपाईच्या मेजावर. लांबलचक मेज, त्यावर जाडसर गादीसारखे थर आणि सगळ्यांत वर एक जुनं कापड. छापायचं कापड त्याच्यावर ताणून लावतात. ठसा उचलायचा, रंगाच्या तबकात टेकवायचा, कापडावर ठेवायचा आणि वर मुठीचा एक ठोका. प्रत्येक ठोक्याला थोडा रंग खाली झिरपतो. वरचं कापड विकलं जातं, खालचं तिथेच राहतं. महिनोन्‌महिने झिरपलेल्या रंगांनी त्या खालच्या कापडावर वेलींवर वेली, बुट्ट्यांवर बुट्ट्या, लालावर निळा, निळ्यावर काळा असं काहीतरी साठलं होतं. ते कोणी मुद्दाम काढलेलं नव्हतं. मला तिथेच मांडवाची मागची भिंत दिसली.

"हे विकाल का?" मी विचारलं. छापणारे काका साठीच्या पुढचे होते. ते आधी बघत राहिले, मग म्हणाले, "बहनजी, ये तो मेज का कपड़ा है." ते जीर्ण झालं की फेकतात किंवा पुसायला घेतात. असे दोन तुकडे कोपऱ्यात घडी करून पडले होते. ते पैसे घ्यायला तयार नव्हते. मी दोन्हींचे मिळून 1,500 रुपये हातात ठेवले, कारण ज्या कापडाने दोन वर्षं मार खाल्ला ते फुकट नेणं मला पटेना.

मग त्यांच्या मुलाने आतल्या खोलीतले सेकंडचे गठ्ठे दाखवले. इथे एका नक्षीला साधारण तीन ठसे लागतात: गद जमिनीचा, रेख बाह्यरेषेचा, दत्ता आत भरायचा. दत्ता गव्हाच्या दाण्याएवढा सरकला की रंग रेषेबाहेर येतो आणि कापड बाजूला पडतं. दाबूच्या छपाईत चिखलाचा थर देऊन निळीपासून नक्षी वाचवतात. त्या थराला तडा गेला की नीळ आत शिरते. परदेशी गिऱ्हाईक तेवढ्यावरून माल परत करतं. मांडवाच्या छतावर, दहा फुटांवरून, ही चूक कोणाला दिसणार? 120 मीटर कापड 75 रुपये मीटरने घेतलं. घासाघीस केली नाही. सेकंडचा माल छापायला मेहनत कमी लागत नाही.

बगरूचं म्हणून स्क्रीनवर छापलेलं कापडही सर्रास विकलं जातं, म्हणून एक सांगते. नक्षी नीट बघा. हाताच्या छपाईत एक ठसा संपून दुसरा सुरू होतो तो सांधा कुठेतरी दिसतोच आणि कापड उलटलं की रंग मागेही उतरलेला असतो. सगळं अगदी एकसारखं असेल तर विकणाऱ्याला सरळ विचारावं.

चहा घेताना काकांनी विचारलं, कुठून आलात? महाराष्ट्र म्हटल्यावर ते उठून भिंतीपाशी गेले आणि तिथल्या तसबिरीकडे बोट दाखवलं. नामदेव महाराज! राजस्थानातला हा समाज स्वतःला नामदेव छीपा म्हणवतो. आपण ज्यांना शिंपी म्हणतो, गुरू ग्रंथ साहिबात ज्यांची 61 पदं आहेत, तेच नामदेव. त्या पदांतही ते स्वतःला छीपाच म्हणवतात. 2015 साली घुमानला साहित्य संमेलन झालं तेव्हा मराठी माणसाला पंजाबातले नामदेव कळले. बगरूच्या छपाईघरातले मला त्या दिवशी कळले. माझ्या हातातलं गाठोडं अचानक माहेरचं वाटायला लागलं.

पुणे-जयपूर गाडीने दोन मोठी बोचकी घेऊन आले. घरी पहिलं काम, सगळं कापड गार पाण्यात भिजवून दोनदा खळबळलं. निळीचा रंग सुरुवातीला हाताला लागतो, तो पाहुण्यांच्या शालूंना लागून चालणार नव्हता.

आत्याने एकेक थान उलगडून बघितलं आणि म्हणाली, "शुभकार्यात काळं नको गं." तिचं म्हणणं आम्ही टाळलं नाही. स्याहीची थानं जेवणाच्या बाजूला लावली, लाल आणि निळी मांडवाला. मेजावरचं कापड बोहल्याच्या मागे. अंतरपाटाला तर कोरंच हवं होतं. ते मी तिथेच 450 रुपयांना फक्त बेगारमध्ये छापून घेतलं होतं. त्यावर आत्यानेच कुंकवाने स्वस्तिक काढलं. कापडावरचा लाल आणि तिच्या बोटावरचा लाल जवळजवळ एकच होता. मंगलाष्टकं चालू असताना माझं लक्ष तिकडेच जात होतं.

बांबू गावातून भाड्याने 3,200 रुपयांना आले. झेंडू, आंब्याचे टाळे, केळीचे खांब मिळून 7,500. सगळा हिशोब 21,650 रुपये. मांडव भावकीतल्या पोरांनी दुपारभरात उभा केला. लहानपणी लग्नघरी जाजमं अशीच यायची. यांच्याकडचं एक, त्यांच्याकडची दोन, कोपऱ्यावर दोऱ्याने नाव घातलेली. कार्य झालं की झटकून, घडी करून, ज्याची त्याला परत. बगरूच्या माणसांनाही जाजम हा शब्द सांगावा लागत नाही. राजस्थानात ठशांची जाजमं बैठकीला, लग्नाला अंथरायची रीत जुनी आहे.

लग्नानंतर कापडाचं काय, असं सगळे विचारत होते. तीन थानांचे पडदे होऊन ती भाचीच्या घरी लागली आहेत. मेजाच्या कापडातलं एक इतकं विरलं होतं की ते गोधडीत गेलं. शेजारच्या काकू ती शिवतायत आणि रंगाची बाजू बाहेर ठेवायचं त्यांनी स्वतःहून ठरवलं. उरलेलं सगळं माझ्याकडे ट्रंकेत आहे. गणपतीत एकांनी नेलं होतं, धुऊन परत दिलं. पुढच्या रविवारी ते भोरला जातंय, मैत्रिणीच्या मुलाच्या मुंजीला. बांबू तिला तिथे मिळतील, सुतळी मी बरोबर देणार आहे.