मधाला फेस येतो तेव्हा...

श्रावणातली गोष्ट. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी भुदरगडकडच्या एका नातलगाने मधाची बाटली आणून दिली. आठवड्याभरात बाटलीच्या गळ्याशी पांढरा फेस जमला, झाकण उघडताना फस्सकन आवाज झाला आणि मधाला किंचित आंबूस वास आला. शेजारच्या वहिनींनी निकाल देऊन टाकला, "भेसळ आहे, फेकून द्या!" कोल्हापूरकराला पावसाळ्यात पाझरणारा गूळ ठाऊक असतो, पाझरला म्हणून तो खोटा ठरत नाही. मग मधालाच हा न्याय का नसावा?

वस्तुत: फेस आलेल्या मधात साखरेचा पाक असेलच असे नाही. त्यात पाणी जास्त आहे आणि यीस्ट जागे झाले आहे, एवढेच तो फेस सांगतो. मकरंदात साधारण साठ ते ऐंशी टक्के पाणी असते. माश्या पंखांनी वारा घालून ते आटवतात आणि मध पिकला की घरावर मेणाची टोपी बसवतात. पाणी वीस टक्क्यांच्या वर राहिले, तर दाट साखरेतही तग धरणारी यीस्टची जात मध आंबवू लागते. आपल्या अन्नसुरक्षा मानकांनीही पाण्याची मर्यादा वीस टक्केच ठेवली आहे. सह्याद्रीच्या दमट हवेत, टोपी न बसलेले पोळे घाईने पिळले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

भेसळीची शंका अनाठायी आहे असे मात्र नाही. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने तपासलेल्या तेरा नाममुद्रांपैकी दहा प्रगत चाचणीत नापास झाल्या होत्या. अडचण अशी, की कारखान्यात मिसळलेला पाक बाटलीत निवांत बसतो आणि डोंगरातल्या माणसाचा खरा मध मात्र फेसाळून संशयित ठरतो!

हे यीस्ट येते कुठून? त्याच्या काही जाती फुलापासूनच माशीबरोबर असतात. नुकत्या उमललेल्या फुलाचा मकरंद जवळजवळ निर्जंतुक असतो. पहिली माशी सोंड बुडवते आणि विरजण लागावे तसे सूक्ष्मजीव त्यात पडतात. मकरंदात सर्वाधिक आढळणाऱ्या यीस्टच्या कुळाचे नाव मेट्शनिकोव्हिया. ते फुलातली साखर आणि अमिनो आम्ले खाते, बदल्यात गंधद्रव्ये सोडते. स्पेनमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवून दिले, की थंडीत फुलणाऱ्या एका रानफुलात हे यीस्ट मकरंद चक्क काही अंशांनी उबदार ठेवते. अमेरिकेतल्या 2014 च्या एका प्रयोगात काही जीवाणूंनी बिघडवलेला मकरंद मधमाश्यांनी टाळला. यीस्ट असलेला टाळला नाही.

एवढ्यावरून यीस्ट म्हणजे माशीचे टॉनिक, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. भोंग्यांवरच्या प्रयोगांचे निकाल संमिश्र आहेत. पोळ्यात साठवलेला पराग लोणच्यासारखा मुरून अधिक पौष्टिक होतो, ही समजूत जुनी. पण 2014 मध्येच अमेरिकी संशोधकांनी मांडले, की तो मुरतो तो मुख्यत: टिकण्यासाठी, त्याचे पोषणमूल्य फारसे वाढत नाही. ब्राझीलमधल्या एका बिनकाट्याच्या माशीच्या अळ्यांना मात्र यीस्टमधल्या स्टेरॉलविना वाढच पुरी करता येत नाही, असे 2018 मध्ये आढळले. तेव्हा एका माशीचा नियम दुसरीला लावता येत नाही.

मधमाशीची खरी गरज इथेच कळते. मकरंद ही तिची भाकरी, तर पराग हे तिचे कालवण. प्रथिने, स्निग्धे आणि शरीराला बनवता न येणारी स्टेरॉल्स तिला परागातूनच मिळतात. साधे यीस्ट जे स्टेरॉल बनवते ते या माशीला लागणाऱ्या मुख्य स्टेरॉलहून वेगळे. म्हणूनच ऑक्सफर्डच्या जेराल्डिन राइट यांच्या गटाने यीस्टच्या एका जातीत जनुकीय बदल करून परागातली सहा स्टेरॉल्स तिच्याकडून बनवून घेतली. ऑगस्ट 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या या शोधानुसार, असा आहार मिळालेल्या वसाहतींत कोषावस्थेपर्यंत पोचलेल्या अळ्या पंधरा पटींपर्यंत जास्त होत्या. प्रयोग बंद काचघरात आणि युरोपीय माशीवर झाला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आता आपल्याकडे पाहू. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरात मध संचालनालय आहे. 2022 मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर 'मधाचे गाव' झाले, पाठोपाठ आपल्या भुदरगडातल्या पाटगावाला तो मान मिळाला. केंद्राच्या मध मिशनलाही पाचशे कोटींची तरतूद झाली. 'गोड क्रांती'च्या घोषणेत पेट्यांचे वाटप मोजले जाते. पण पेटीतल्या सातेरी माशीच्या पावसाळ्यातल्या जेवणाचा हिशेब कोण ठेवतो? जून ते सप्टेंबर डोंगरात संततधार. माशी बाहेर पडू शकत नाही, पडली तरी पराग भिजलेला. पालक साखरेचा पाक ठेवतो. त्याने पोट भरते, पण अळी पोसली जात नाही. दुबळ्या वसाहती मग घर सोडून जातात आणि अनुदानाची पेटी पडवीत रिकामी उरते. कारवी फुलली की सुगी खरी, पण ती सात-आठ वर्षांतून एकदा!

उपाय काही आकाशातले नाहीत. संकलन केंद्रावर मधातले पाणी मोजणारे हातात मावणारे उपकरण असावे आणि टोपी बसल्याखेरीज मध काढायचा नाही ही शिस्त असावी. पावसाळ्यात पाकाबरोबर सोयापीठ आणि मद्य-उद्योगातले सुके यीस्ट यांचा प्रथिनयुक्त आहार द्यावा. ही पद्धत मधपालनात जुनीच आहे. हवी ती पोचवणारी यंत्रणा. फुलोऱ्याच्या काळात बुरशीनाशके फवारू नयेत, कारण बुरशीनाशके फुलातल्या यीस्टलाही मारक ठरतात असे दिसून आले आहे. आणि जांभूळ, हिरडा, कारवी यांच्या मकरंदात कोणते यीस्ट नांदते, आपल्या सातेरीला त्याचा उपयोग किती, हे शोधायला शिवाजी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेपासून भुदरगडचे रान काही दूर नाही.

मानकांनी कारवीच्या मधाला साखरेच्या प्रमाणात वेगळी मोजपट्टी पूर्वीच दिली आहे. म्हणजे डोंगराचे वेगळेपण कायद्याला समजू शकते. ते समजायला आधी कोणीतरी अभ्यास करावा लागतो, इतकेच.

आमची ती बाटली आम्ही फेकली नाही. तो मध संपवला, आणि नातलगाला निरोप धाडला : पुढच्या खेपेला टोपी बसेपर्यंत थांबा. भाव तोच देऊ.