कांडीवालीच्या दारापासून

आज खंडेनवमी. इचलकरंजीच्या साध्या मागांच्या शेडमध्ये आज धोटे पुसले जातात, मागावरचे तूस झाडले जाते, लोखंडाला हळदकुंकू आणि झेंडू वाहिला जातो. शेजारच्या घरात कांड्या भरणारी बाई आपल्या यंत्रालाही कुंकवाचे बोट लावते. तिचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही. पण तिने भरलेली कांडी धोट्यात बसल्याशिवाय माग चालत नाही.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळावर, इथे पहिला यंत्रमाग बसवला. पुढे गाव मागांनी भरले ते एकाचे बघून दुसऱ्याने, शेजाराच्या आधाराने. माग अडला तर दुरुस्तीला जॉबर हाकेवर, सूत पेठेत, सुताला खळ देणारे सायझिंग जवळच. चार मागांच्या धन्याला सुतात भांडवल अडकवावे लागत नाही. व्यापारी ताण्याचे सूत गुंडाळलेला बीम देतो, हा खर्चीवाला मजुरीवर कापड विणून देतो. व्यापाऱ्याकडे जीएसटी क्रमांक आणि बँकेतली पत. खर्चीवाल्याकडे घरची माणसे आणि हातातली कला. संघटित आणि असंघटित हे दोन रकाने सरकारी तक्त्याच्या सोयीचे. एरवी गल्लीत ती रेघ दिसत नाही.

दिसते ती मंदीत. उठाव थांबला की व्यापारी बीम देत नाही. त्याचे सूत गोदामात पडून राहते. खर्चीवाल्याचे माग बंद पडतात, कर्जाचे हप्ते मात्र चालूच. कांडीवालीचे काम तर त्याच दिवशी जाते. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दिला. पण त्याला आधी नोंदणी हवी. आणि तक्रार केलेल्याला पुढचा बीम कोण देणार? ज्या शेजाराने धंदा उभा केला, तोच इथे तोंड बांधतो. आम्हाला सर्वांत जास्त डाचते ते हेच.

म्हणून समूह विकासाच्या योजना आखताना नोंदणीची यादी पुढे ठेवून भागणार नाही. सुताच्या मागोमाग जावे, ते ज्या ज्या हातांतून जाते ते सगळे हात मोजावेत. विम्याची आणि मजुरीच्या हमीची सुरुवात सर्वांत शेवटच्या हातापासून करावी.

उद्या दसरा. सण सरला की तिच्या दारात पुन्हा रिकाम्या कांड्यांचे पोते येऊन पडेल. मोजणीदाराने पहिले त्या दारात जावे.